गाडी विकली, कागदावर मात्र तुमचीच

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि कायदा

जुनी गाडी ओळखीत किंवा जाहिरात बघून थेट विकल्यावर जी भांडणं उभी राहतात, त्यांच्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : सव्वा वर्षापूर्वी माझी २०१४ ची हॅचबॅक २ लाख १० हजारांना विकली. नोटरी केलेला करारनामा आहे. ट्रान्स्फरच्या फॉर्मवर सह्या करून ते एजंटकडे दिले होते. आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे. त्या गाडीने एका दुचाकीस्वाराला उडवलं. मी ज्यांना विकली त्यांनी ती पुढे आणखी कोणाला विकली होती म्हणे. माझा आता संबंध काय? नोटीस परत पाठवू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नोटीस परत पाठवू नका. ती घ्या, तारखेला वकिलामार्फत हजर राहा. गैरहजर राहिलात तर दावा एकतर्फी चालेल, आणि भरपाईचा निवाडा झाला की तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होऊ शकतो.

आता संबंधाबद्दल. मालकी विकत घेणाऱ्याकडे गेली, हे तुमचं म्हणणं वस्तू विक्री कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पैसे मिळाले, ताबा दिला, व्यवहार पुरा झाला. पण अपघाताच्या दाव्यात मोटार वाहन कायदा, १९८८ लागतो आणि त्याच्या कलम २(३०) नुसार मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच ठरवलं. तिथेही गाडी २००७ मध्ये विकलेली होती, मग हातोहात फिरत गेली, अपघात २००९ मध्ये झाला आणि जबाबदारी पडली ती आरसी बुकात नाव राहिलेल्या पहिल्या माणसावर. यामागचं तर्कशास्त्र विक्रेत्याला कितीही कडू लागलं तरी सरळ आहे : ज्याचा पाय गेला त्याने खरेदीदारांची साखळी शोधत गावोगाव फिरायचं का? नोटरीच्या शिक्क्याने आरटीओच्या नोंदीतलं नाव बदलत नाही.

पण घाबरण्याआधी एक गोष्ट बघा. अपघाताच्या दिवशी गाडीवर थर्ड पार्टी विमा चालू होता का? कोणाच्याही नावाने असो. कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की विमाही तिच्याबरोबर गेला असं मानलं जातं, त्यामुळे तिसऱ्या माणसाची भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते. पॉलिसी चालू होती असं निघालं, तर विमा कंपनी दाव्यात पक्षकार आहे याची खात्री करा, नसेल तर करून घ्या. खरा घोटाळा होतो तो पॉलिसी विक्रीनंतर महिन्या-दोन महिन्यांत संपलेली असते तेव्हा. नवा मालक नूतनीकरण करत नाही, कारण कागद त्याच्या नावावर नसतात, आणि जुना करत नाही, कारण गाडी त्याच्याकडे नसते. अशा वेळी रक्कम नोंदणीकृत मालकाच्या खिशातून जाते.

लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, विक्रीची तारीख, ताबा दिल्याची वेळ आणि खरेदीदाराचा पत्ता लिहा. बँकेतली जमा नोंद आणि करारनामा जोडा. पहिल्या खरेदीदाराला आणि सध्याच्या ताबेदाराला पक्षकार करण्यासाठी अर्ज द्या. यामुळे जखमी माणसाच्या संदर्भात तुमची जबाबदारी टळेलच असं नाही, पण भरलेली रक्कम खरेदीदाराकडून परत मागण्याचा पाया इथेच घातला जातो. करारनाम्यात ‘ताबा दिल्यानंतरच्या सर्व अपघात, दंड व दाव्यांची जबाबदारी घेणाराची, आणि विक्रेत्याला काही भरावं लागल्यास घेणारा ते भरून देईल’ अशा अर्थाचं वाक्य आहे का ते शोधा. करार कायद्याच्या कलम १२४ मध्ये जी हानिरक्षणाची हमी सांगितली आहे, ती हीच. निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस मिळतात, आणि अपील दाखल करताना २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, जी कमी असेल ती, भरावी लागते.

फौजदारी बाजू वेगळी आहे. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा चालकावर लागतो, तुमच्यावर नाही. मात्र पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली ‘गाडी कोणाकडे होती’ हे तुम्हाला विचारू शकतात आणि ते सांगणं बंधनकारक आहे. तुमच्याजवळ खरेदीदाराच्या आधार-पॅनची प्रत असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर अवघड.

प्रश्न : हे सगळं टाळायचं असेल तर विकताना नेमकं काय करायचं? एजंट म्हणतात, ‘साहेब, सही करा, तारीख कोरी ठेवा, बाकी आम्ही बघतो.’ – चार वाचक. ठाणे, सातारा, अकोला, पुणे

उत्तर : तारीख कोरी ठेवू नका. कोऱ्या तारखेच्या फॉर्मवर गाडी तीन-चार व्यापाऱ्यांच्या हातून फिरते. प्रत्येक जण नावावर करण्याचा खर्च वाचवतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत गाडी तुमचीच राहते.

फॉर्म २९ ही विक्रेत्याने द्यायची सूचना आणि फॉर्म ३० हा खरेदीदाराचा अर्ज. दोन्ही दोन-दोन प्रतींत. लोक दोन्ही फॉर्म खरेदीदाराच्या हाती देऊन मोकळे होतात, इथेच चूक होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातली गाडी असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत स्वतः आरटीओला कळवायचं असतं. खरेदीदाराला ३० दिवस असतात. म्हणून फॉर्म २९ ची एक प्रत, ताबा पावती आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आरटीओच्या आवक खात्यात देऊन शिक्का घ्या, किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा ‘रजिस्टर एडी’ मागत बसू नका). एवढ्याने नाव बदलत नाही, हे आधीच्या उत्तरावरून लक्षात आलंच असेल. पण तुम्ही तुमचं कर्तव्य वेळेत केलं याचा हा सर्वांत भक्कम पुरावा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे परिवहनच्या संकेतस्थळावर दोघांनी एकत्र बसून हस्तांतरणाचा अर्ज भरणं, तुमच्या मोबाईलवरचा ओटीपी तिथेच देणं आणि अर्जाची पावती हातात आल्यावरच किल्ली देणं. तुमचा जुना नंबर बंद झाला असेल तर आधी तो आरटीओच्या नोंदीत बदलून घ्या. ऐन वेळी सगळं यावर अडतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) पाटी बसलेली नसेल तर तेही आधी करा, कारण पाटी नसेल तर आरटीओत पुढची कामं थांबवली जातात.

खरेदीदार ‘पुढच्या आठवड्यात करतो’ म्हणत असेल तर त्याच्याकडून १० ते १५ हजार अनामत म्हणून घ्या, नाव बदललेलं आरसी दाखवलं की परत. हे करारनाम्यात लिहा. तोंडी विनंतीपेक्षा ही अनामत जास्त कामाला येते. आणि विम्याची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर एका वर्षाचा थर्ड पार्टी विमा काढून ती रक्कम किमतीत मिळवा. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला हा हप्ता ३,४१६ रुपये अधिक जीएसटी असा आहे. पहिल्या पत्रातल्या वाचकांनी तेवढा खर्च केला असता तर कदाचित त्यांना एवढी काळजी करावी लागली नसती.

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, ‘सायंकाळी ६.२०’ अशी. त्या दिवशीचा मीटरचा आकडा, चासी आणि इंजिन नंबर, किती किल्ल्या दिल्या, हे सगळं लिहा. त्याच संध्याकाळचं चलन कोणाचं, हा वाद वेळेवरच ठरतो.

वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकत असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक मानला जातो. अधिकृत नसलेल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत हे संरक्षण मिळत नाही, मग त्याचं दुकान कितीही चकचकीत असो.

प्रश्न : विकलेल्या गाडीचे टोलचे पैसे माझ्या खात्यातून कापले जात आहेत, चलनंही येत आहेत. – एक वाचक, सांगली

उत्तर : फास्टॅग आजच बंद करा, तो ज्या बँकेचा आहे तिथे, किंवा १०३३ वर फोन करून. टॅग गाडीच्या काचेवर राहिला तरी खातं तुमचं असतं. चलनांसाठी ताब्याच्या तारखेनंतरची आणि आधीची अशी यादी वेगळी करा. आधीची तुमची आहेत, भरून टाका. नंतरच्या चलनांवर वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार करताना ताबा पावती जोडा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्याचं प्रकरण असेल तर मात्र हातावर हात ठेवून बसू नका : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ मध्ये पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार दंड अशी आहे.

प्रश्न : मी गाडी घेणारा. मीटरवर ५८ हजार होते, जाहिरातीतही तेच. सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर टाकल्यावर कळलं की दोन वर्षांपूर्वीच १ लाख १२ हजार झाले होते. शिवाय सीटखाली गाळ सापडला. विकणारे म्हणतात, ‘जशी आहे तशी’ म्हणून घेतली होती ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि कायदा त्या दोन्हींकडे एकसारखा बघत नाही.

मीटरचं आधी. ‘जशी आहे तशी’ हे वाक्य गाडीच्या अवस्थेबद्दल आहे. आकडा खोटा सांगण्याची मुभा ते देत नाही. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये खोटं विधान आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं या दोन्हींना कपट म्हटलं आहे. मीटर मागे फिरवणं दोन्हींत बसतं. अट एकच : ते विक्रेत्यानेच केलं किंवा त्याला माहीत होतं, हे दाखवावं लागेल. गाडी तिसऱ्या हातातली असेल तर तो ‘मलाही तशीच मिळाली’ म्हणेल. म्हणून सर्व्हिस सेंटरकडून जॉब कार्डांच्या तारखा आणि आकडे लेखी घ्या. १ लाख १२ हजारांची नोंद या विक्रेत्याच्या मालकीच्या काळातली निघाली तर त्याला बोलायला जागा उरत नाही.

पुराच्या पाण्याचं अवघड आहे. विक्रेता नुसता गप्प राहिला असेल तर तेवढ्यावर कपट होत नाही. याच कलमाखाली कायद्याने घोड्याचं उदाहरण दिलं आहे. घोडा सदोष आहे हे माहीत असून मालक लिलावात काही बोलला नाही, तर ते कपट नव्हे. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो,’ आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकंच. १८७२ चा कायदा, पण पुढच्या वेळी गाडी घेताना व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर त्याने आयता दिला आहे : ‘गाडी पुरात बुडालेली नाही, मोठा अपघात नाही, मीटर बदललेलं नाही असं धरून मी इसार देत आहे.’ तुम्ही असं काही विचारलं होतं का, आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते चॅटमध्ये शोधा. कलम १९ ची एक पळवाटही विक्रेत्याचा वकील पुढे करेल : साध्या काळजीने सत्य कळलं असतं तर निव्वळ मौनावरून करार रद्द होत नाही. उघड खोटं बोलण्याला ही पळवाट लागू नाही, म्हणून भर मीटरवर द्या.

आता करायचं काय. गाडी वापरणं थांबवा. फसवणूक कळल्यावर चार महिने चालवलीत तर तुम्ही ती पत्करली असा अर्थ निघतो. दुरुस्ती करू नका. जाणकार गॅरेजवाल्याकडून किंवा सर्व्हेअरकडून चासी नंबर, तारीख आणि फोटोंसह लेखी अहवाल घ्या : सीटच्या रुळांवरचा गंज, पट्टा पूर्ण ओढल्यावर तळाशी दिसणारी मातीची रेघ, गालिच्याखालच्या वायरिंगच्या जोडण्यांवरची हिरवट बुरशी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट मूळ फोनमध्येच राहू द्या. कोर्टात ते द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मग वकिलाची नोटीस द्या, गाडी परत घेऊन पैसे द्या किंवा फरकाची अमुक रक्कम द्या, असा आकडा लिहून.

ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. खासगी माणसाने स्वतःची एक गाडी विकली तर तो व्यापारी नसतो आणि तक्रार तिथे टिकत नाही. डीलरकडून घेतली असती तर दोन वर्षांच्या आत आयोगाचा रस्ता होता. तुमच्यासाठी दिवाणी न्यायालय, मुदत कपट कळल्यापासून तीन वर्षं. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देऊन बघा. तिथल्या लोकअदालतीत तडजोड झाली तर ती हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. जाणीवपूर्वक फसवल्याचा कागदी पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रारही देता येते, पण पोलीस बहुतेकदा ‘दिवाणी बाब’ म्हणून हात झटकतात. त्या एकाच रस्त्यावर विसंबू नका.

प्रश्न : दीड लाखांचा चेक घेऊन गाडी दिली. चेक परतला. आरसी अजून माझ्याच नावावर आहे आणि दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. गाडी उचलून आणली तर? – एक वाचक, लातूर

उत्तर : आणू नका. आरसीवर नाव असलं तरी ताबा दिल्यावर गाडी रोखून धरण्याचा विक्रेत्याचा हक्क संपतो. रात्री किल्ली लावून आणलीत तर चोरीची तक्रार तुमच्यावर होईल. आणि ‘माझी गाडी चोरीला गेली’ अशी उलटी तक्रार देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सल्लागार बदला.

चेकचा मार्ग चांगला आहे, पण दिवस मोजून चालावं लागतं. समजा चेक परतल्याचा मेमो ४ मार्चला मिळाला. ३ एप्रिलपर्यंत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस १० एप्रिलला पोचली तर त्याला पैसे द्यायला २५ एप्रिलपर्यंत वेळ आहे. त्यानंतर एका महिन्यात, म्हणजे २५ मेपर्यंत, चेकबाबतच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची तक्रार तुमचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात. नोटिशीत चेकवरचीच रक्कम स्पष्ट मागा. व्याज, मनस्ताप, वकील फी एकाच बेरजेत घुसवली की नोटीस दुबळी होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, आणि खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम रक्कम मागता येते.

उरलेली रक्कम रोखीत घेण्याचा विचार असेल तर एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. दंड तेवढ्याच रकमेचा असतो आणि तो रोख घेणाऱ्यावर बसतो.

प्रश्न : गाडीवर बँकेचा बोजा असल्याचं पैसे दिल्यावर कळलं. – एक वाचक, जळगाव

उत्तर : कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलणार नाही (मोटार वाहन कायदा, कलम ५१), आणि हप्ते थकले तर बँक गाडी तुमच्या दारातून नेऊ शकते. विक्रेत्याकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र मागवा आणि काही देणं बाकी असेल तर ते त्याच्या हातात न देता थेट कर्ज खात्यात भरा. मग बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती, बँकेच्या सही-शिक्क्यासह. सगळे पैसे आधीच दिले असतील आणि बोजा लपवला असेल तर नोटीस आणि तीन वर्षांच्या आत दावा. बोजा एम-परिवहनवर दिसतो. इसार देण्याआधी दोन मिनिटं काढायला हवी होती.

प्रश्न : म्हापशाहून जीए पासिंगची गाडी घेतली. मूळ मालक म्हणतात, ‘चालवा तशीच, काही होत नाही.’ – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : त्यांनाच व्हायचं आहे, नाव त्यांचं आहे. फॉर्म २८ भरून गोव्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, ते सिंधुदुर्गच्या कार्यालयाच्या नावे असल्याचं तपासायचं. दुसऱ्याच कार्यालयाचं नाव पडलं की पुन्हा म्हापसा. चलनं भरलेली हवीत, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. राज्याबाहेरच्या गाडीला कळवण्याची मुदत १४ ऐवजी ४५ दिवस आहे. इथे फॉर्म २७ (नव्या नंबरसाठी), २९, ३० आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा एकरकमी कर. हा कर किमतीत धरला नसेल तर ‘स्वस्तात मिळाली’ हा हिशेब पुन्हा मांडा.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांची गाडी विकायची आहे. एजंट म्हणतात, वडिलांची सही ‘मारून’ फॉर्म २९ देऊ. – एक वाचक, परभणी

उत्तर : ती बनावट सही ठरते आणि पुढे कोणताही वाद झाला की पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. निधनापासून ३० दिवसांत आरटीओला कळवा, तीन महिन्यांत फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांची संमती देऊन गाडी एका वारसाच्या नावावर करा. नंतर त्या वारसाने नेहमीसारखी विकायची. बहिणीची संमती ‘ती काय नाही म्हणणार’ असं धरून सोडू नका. तिची सही लागते.